अणुवीज केंद्रात रुजू होण्यापासून स्टेशन डायरेक्टरपर्यंत: नव्या मुलामुलींसाठी वाटेची माहिती

तारापूरला अणुवीज केंद्र आहे हे महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही माहीत असतं. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक तत्त्वावर वीज देऊ लागल्या. पण ते केंद्र चालवणारा माणूस त्या खुर्चीपर्यंत कसा पोहोचतो, हे बोईसर-पालघरच्या कॉलेजांतसुद्धा फारसं कुणी सांगत नाही. मग मुलं अंदाज बांधतात. त्यासाठी अणुभौतिकीची पदवी लागत असेल, दिल्लीहून कुणी सनदी अधिकारी येत असेल, किंवा परदेशात शिकल्याशिवाय तिथे प्रवेशच नसेल, असं त्यांना वाटत राहतं. हे तिन्ही अंदाज चुकीचे आहेत.

भारतात अणुवीज केंद्राचा प्रमुख साधारणपणे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनची साधी बी.ई. केलेला माणूस असतो. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तो ट्रेनी म्हणून येतो, कित्येक वर्षं शिफ्ट करतो, लायसन्सच्या परीक्षा देतो आणि पाव शतकानंतर त्या केंद्राची जबाबदारी घेतो. या उद्योगात वर जाणारी मुख्य वाट कंट्रोल रूममधून जाते. ज्याला पुढे केंद्र चालवायचं आहे त्याने भट्टी कधी चालवायची यासोबत ती कधी थांबवायची हेही शिकलं पाहिजे, आणि थांबवण्याची हिंमत अंगी बाणवली पाहिजे. पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचा.

आधी कोण कोण आहे ते समजून घ्या

वीज बनवण्याचं मुख्य काम एनपीसीआयएल, म्हणजे भारतीय अणुऊर्जा महामंडळ करतं. ही अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतली सरकारी कंपनी १९८७ मध्ये स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. तारापूर, रावतभाटा, कल्पक्कम, नरोरा, काक्रापार, कैगा आणि कुडनकुलम ही तिची केंद्रं. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, म्हणजे बीएआरसी, संशोधन करतं. कल्पक्कमला इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आहे, आणि फास्ट ब्रीडर, म्हणजे वापरते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्टीसाठी 'भाविनी' ही वेगळी कंपनी. बहुतेक केंद्रांचं इंधन हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये तयार होतं. अणुवीज केंद्रांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवण्यासाठी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं. हे नाव नीट ध्यानात ठेवा, कारण तुमचं लायसन्स त्यांच्याच हातात असेल.

२०२५ च्या सुरुवातीला देशाची अणुवीज क्षमता सुमारे ८,२०० मेगावॅट होती. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचं उद्दिष्ट जाहीर झालं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या 'शांती' कायद्याने खासगी कंपन्यांसाठीही हे क्षेत्र खुलं केलं. उद्दिष्ट किती गाठलं जाईल ते काळ ठरवेल, पण माणसं लागणार हे नक्की. आणि भट्टी पैसे मोजून मागवता येते, तशी वीस वर्षांचा अनुभव असलेली माणसं मागवता येत नाहीत. म्हणून आज आत येणाऱ्याला पुढे मोठा वाव आहे असं मला मनापासून वाटतं.

पहिली पायरी: कोणत्या दारातून आत यायचं

इंजिनिअरिंगच्या पदवीधरासाठी सरळ दार म्हणजे एनपीसीआयएलची एक्झिक्युटिव्ह ट्रेनी भरती. मान्यताप्राप्त बी.ई. किंवा बी.टेक.मध्ये किमान ६० टक्के आणि गेटचा चांगला स्कोअर, एवढं आधी हातात हवं. गेटच्या गुणांवर मुलाखतीला बोलावतात. सर्वसाधारण गटासाठी वयाची मर्यादा २६ वर्षं असते, राखीव गटांना सवलत मिळते. निवड झाली की वर्षभराचं प्रशिक्षण, आणि ते पूर्ण झाल्यावर सायंटिफिक ऑफिसर 'सी' या पदावर नेमणूक होते. सातव्या वेतन आयोगात हा दहावा स्तर, म्हणजे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून. प्रशिक्षणानंतर तीन वर्षं नोकरी करण्याचा बाँड लिहून द्यावा लागतो.

मुलाखतीची धास्ती घेऊ नका, पण ती हलक्यातही घेऊ नका. तिथे तुमच्याच शाखेची मुळं खणून पाहतात. पंपात कॅव्हिटेशन का होतं, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं काम काय, हीट एक्स्चेंजरमध्ये प्रवाह उलटसुलट का ठेवतात, असे प्रश्न येतात आणि प्रत्येक उत्तरावर 'का' विचारलं जातं. पाठ केलेली उत्तरं दुसऱ्या-तिसऱ्या 'का'ला गळून पडतात. येत नसेल तिथे 'येत नाही' म्हणणारा उमेदवार, काहीतरी ठोकून देणाऱ्यापेक्षा इथे चांगला समजतात. कंट्रोल रूममध्ये ठोकून देणारा माणूस कुणालाच नको असतो.

दुसरं दार बीएआरसी ट्रेनिंग स्कूलचं. होमी भाभांनी १९५७ मध्ये ते सुरू केलं. तिथला वर्षभराचा ओसीईएस हा अभ्यासक्रम इंजिनिअरिंग पदवीधरांबरोबर विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीही आहे. संशोधन आणि डिझाइनची ओढ असेल तर हे दार जास्त जवळचं. वीज केंद्र चालवण्यातच रस असेल तर एनपीसीआयएलचं.

डिप्लोमाधारक आणि बी.एस्सी. झालेल्यांसाठी स्टायपेंडरी ट्रेनी, पहिला वर्ग. यातून सायंटिफिक असिस्टंट 'बी' होता येतं, मूळ वेतन ३५,४००. बारावी विज्ञान किंवा दहावीनंतर आयटीआय केलेल्यांसाठी दुसरा वर्ग, त्यातून टेक्निशियन 'बी', मूळ वेतन २१,७००. बारावीनंतर ऑपरेटर म्हणून जायचं असेल तर उंची किमान १६० सेंटिमीटर आणि वजन ४५.५ किलो अशी शारीरिक अटही असते. अर्ज भरून, परीक्षा देऊन मग हे कळण्यापेक्षा आधीच पाहून घ्या. आयटीआयच्या मुलांना केंद्रांवर अप्रेंटिसशिपही मिळते. तिचा अनुभव कामी येतो, पण तिच्यातून नोकरीची हमी मिळत नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

डिप्लोमाच्या दारातून आलेल्याला पुढची वाट बंद असते का, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. बंद नसते. अणुऊर्जा विभागात मेरिट प्रमोशनची पद्धत आहे. वरची जागा रिकामी होण्याची वाट पाहत बसावं लागत नाही. ठरावीक वर्षांनंतर तुमचं काम तपासून, मुलाखत घेऊन श्रेणी वाढवतात. सायंटिफिक असिस्टंटही त्यातून सायंटिफिक ऑफिसर होऊ शकतो, आणि नोकरीत राहून पदवी पूर्ण केली तर त्याचा उपयोग होतो. वेळ जास्त लागतो हे खरं. पण फील्डमधला प्रत्येक व्हॉल्व्ह हाताने फिरवून आलेला अधिकारी कंट्रोल रूममध्ये बसतो तेव्हा त्याच्या शब्दाला वेगळं वजन असतं.

इथेच एक फरक समजून घ्या. श्रेणी आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'सी'वरून 'डी', 'ई', 'एफ', 'जी', 'एच' असं चढत जाणं ही श्रेणी. शिफ्ट चार्ज इंजिनिअर, ऑपरेशन सुपरिंटेंडेंट, स्टेशन डायरेक्टर ही पदं. श्रेणी वाढली म्हणजे आपोआप माणसं हाताखाली येतात असं नाही. नेतृत्व हवं असेल तर पदांचा रस्ता वेगळा आखावा लागतो.

दुसरी पायरी: प्रशिक्षणाचं वर्ष

तारापूर, रावतभाटा, कैगा, कल्पक्कम, कुडनकुलम अशा ठिकाणी न्यूक्लिअर ट्रेनिंग सेंटर आहेत. अणुभट्टीचं भौतिकशास्त्र, किरणोत्सारापासून संरक्षण, टर्बाइन, इलेक्ट्रिकल सिस्टिम, जड पाण्याची हाताळणी, सगळं इथे शिकवतात. मेकॅनिकलवाल्याला रिले समजून घ्यावे लागतात आणि इलेक्ट्रिकलवाल्याला न्यूट्रॉन. 'हे माझं नाही' ही सवय इथेच सोडून द्या. पुढे ज्याच्या हातात अख्खं केंद्र येतं त्याला कुठलीच शाखा परकी ठेवता येत नाही.

या वर्षातले गुण पुढे कोणत्या केंद्रावर आणि विभागात जाल यावर परिणाम करतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, इथे बरोबर शिकलेली मंडळी तीस वर्षं देशभरच्या केंद्रांवर पसरलेली असतात. कैगाच्या पंपाला आलेली अडचण रावतभाट्याच्या मित्राने आधीच सोडवलेली असते, आणि एका फोनवर ती कळते.

तिसरी पायरी: ऑपरेशन मागून घ्या

प्रशिक्षणानंतर काही जण ऑपरेशनमध्ये जातात, काही मेंटेनन्समध्ये, काही टेक्निकल सर्व्हिसेस, क्वालिटी अॅश्युरन्स किंवा मुख्यालयाच्या डिझाइनमध्ये. बहुतेकांना शिफ्ट नको असते. रात्रपाळी, सणावारी ड्यूटी, लग्नकार्याला न जाता येणं, हे सगळं खरं आहे. तरीही माझा सल्ला ठाम आहे. केंद्र चालवण्याची इच्छा असेल तर सुरुवातीची वर्षं ऑपरेशनमध्ये घाला. डिझाइनमधला माणूस एका सिस्टिमचा तज्ज्ञ होतो, मेंटेनन्समधला यंत्रांचा. पण एका पंपाच्या ट्रिपने, म्हणजे तो अचानक बंद पडल्याने, सातव्या मिनिटाला दुसऱ्या टोकाला काय होईल हे ज्याला पाहताक्षणी दिसतं, तो शिफ्टमध्येच तयार होतो.

सुरुवात फील्डमधून होते. वहीत लॉग घेणं, लाइन-अप तपासणं, वर्क परमिटसाठी यंत्र विलग करून देणं. दुरुस्तीला गेलेल्या माणसाचा जीव तुम्ही बंद केलेल्या ब्रेकरवर अवलंबून असतो. टॅग कुणी लावला, कुणी तपासला, कुणी काढायचा, यात तसूभरही हयगय चालत नाही. हे काम कंटाळवाणं वाटणाऱ्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं की आपण योग्य ठिकाणी आलो आहोत का.

चौथी पायरी: लायसन्स

इथे बरेच जण थांबतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कंट्रोल रूममध्ये भट्टीचं नियंत्रण हाती घ्यायचं तर एईआरबीच्या व्यवस्थेतलं लायसन्स लागतं. कंट्रोल इंजिनिअर, त्यावर असिस्टंट शिफ्ट चार्ज इंजिनिअर, त्यावर शिफ्ट चार्ज इंजिनिअर, असे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्याला आधी फील्डच्या चेकलिस्ट पूर्ण करायच्या, मग लेखी परीक्षा, प्रत्यक्ष केंद्रात फिरून द्यायची वॉक-थ्रू परीक्षा, सिम्युलेटरवरची परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि शेवटी तोंडी. लायसन्स ठरावीक मुदतीचं असतं, नंतर नूतनीकरण करावं लागतं. आणि ते त्या केंद्रापुरतंच असतं. तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या भट्टीचं लायसन्स घेऊन कैगाच्या पॅनेलवर बसता येत नाही. तिथे गेलात की पुन्हा शिकायचं, पुन्हा परीक्षा.

वॉक-थ्रूमध्ये परीक्षक तुम्हाला एखाद्या व्हॉल्व्हसमोर उभं करतो आणि विचारतो, हा आत्ता बंद झाला तर काय होईल? ड्रॉइंगवर उत्तर पाठ असतं. पण तो व्हॉल्व्ह कुठल्या मजल्यावर आहे, अंधारात तिथे कसं पोहोचायचं, हाताने फिरवायचा तर कुठल्या बाजूने उभं राहायचं, हे पायाखालून गेलेल्यालाच सांगता येतं. म्हणून शिफ्टमधला मोकळा वेळ मोबाइलवर घालवू नका. ड्रॉइंग घेऊन एक-एक लाइन पायी चालत जाऊन पाहा. दहा जणांनी पुस्तकातून वाचलेली लाइन आणि तुम्ही हात लावून पाहिलेली लाइन, यातला फरक तोंडीच्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत दिसतो.

सिम्युलेटरवर कंट्रोल रूमची हुबेहूब प्रतिकृती असते. शिकवणारे एकामागोमाग एक बिघाड घालत जातात. अलार्मच्या खिडक्या भराभर पेटू लागतात तेव्हा नवख्याचे हात धावतात. तिथे जे तपासलं जातं ते हातांचा वेग नसतो. तुम्ही आधी काय पाहता, सहकाऱ्याला स्पष्ट शब्दांत काय सांगता, त्याने ते परत म्हणून दाखवल्याशिवाय पुढे जाता का, हे पाहतात. सूचना देणं, ऐकणाऱ्याने ती उच्चारणं आणि देणाऱ्याने 'बरोबर' म्हणणं ही तीन टप्प्यांची पद्धत सुरुवातीला कृत्रिम वाटते. पण 'वाढव' आणि 'थांबव' यांत गोंधळ झाला तर काय होऊ शकतं हे एकदा सिम्युलेटरवर पाहिलं की ती अंगवळणी पडते.

पाचवी पायरी: शिफ्ट चार्ज इंजिनिअर

माझ्या मते या उद्योगातलं पहिलं खरं नेतृत्वाचं पद हेच आहे, आणि त्याची तोड पुढच्या कुठल्याच पदाला नाही. रात्री तीन वाजता वरिष्ठ घरी असतात. केंद्रात जे काही होईल त्याचा निर्णय शिफ्ट चार्ज इंजिनिअर घेतो. काही आणीबाणी उद्भवली तर पहिली पावलं त्यानेच उचलायची असतात.

या पदावरचा ताण समजण्यासाठी एक तांत्रिक गोष्ट सांगतो. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या पूर्ण क्षमतेवर चालताना ट्रिप झाल्या की गाभ्यात झेनॉन-१३५ वाढू लागतो. तो न्यूट्रॉन गिळतो. साधारण अर्ध्या-पाऊण तासात भट्टी पुन्हा सुरू केली नाही तर ती 'पॉयझन आउट' होते, आणि मग झेनॉन विरून जाईपर्यंत दीड दिवसाच्या आसपास थांबावं लागतं. ७०० मेगावॅटची भट्टी तासाला सात लाख युनिट वीज देते. दीड दिवसाचे अडीच कोटी युनिट झाले. घड्याळ पुढे सरकतंय, ग्रिडवाले फोन करतायत, ट्रिपचं कारण जवळजवळ कळलंय, पण पूर्ण कळलेलं नाही. अशा वेळी 'कारण पक्कं कळल्याशिवाय सुरू करणार नाही, पॉयझन आउट झाली तर होऊ दे' असं शांतपणे म्हणणारा माणूस या खुर्चीत हवा असतो. त्या निर्णयाबद्दल त्याला कुणी जाब विचारणार नाही, उलट पाठीशी उभं राहील, अशी व्यवस्था उभी करणं हे त्याच्या वरच्यांचं काम. सुरक्षा संस्कृती हा शब्द तुम्हाला प्रत्येक भिंतीवर लिहिलेला दिसेल. तिचा अर्थ मला तरी त्या पाऊण तासात सापडतो.

दुसरं उदाहरण नरोऱ्याचं. ३१ मार्च १९९३ ची पहाट. पहिल्या युनिटच्या टर्बाइनची पाती तुटली, प्रचंड कंपनाने जनरेटरच्या सीलमधून हायड्रोजन बाहेर आला, पेटला, तेलाने पेट घेतला आणि आग केबलमधून पसरली. केंद्रातला सगळा वीजपुरवठा गेला, आणीबाणीचासुद्धा. सुमारे सतरा तास ते युनिट विजेविना होतं. कंट्रोल रूममध्ये धूर भरल्याने ती सोडावी लागली. ऑपरेटरांनी भट्टी लगेच ट्रिप केली होती, पण बंद भट्टीही उष्णता देत राहते. त्यांनी डिझेलवर चालणारे आगीचे पंप वापरून स्टीम जनरेटरला पाणी दिलं. भट्टी पुन्हा जागी होऊ नये म्हणून टॉर्चच्या उजेडात इमारतीत वर चढून हाताने व्हॉल्व्ह उघडले आणि बोरॉनचं द्रावण गाभ्यात सोडलं. किरणोत्सार बाहेर आला नाही. पुढे टर्बाइनच्या पात्यांच्या आणि केबलच्या मांडणीत देशभर बदल झाले.

त्या पहाटे पॅनेलवर एकही सूचक दिवा विश्वासाचा राहिला नव्हता. उपयोगी पडलं ते केंद्र पायाखालून घातलेलं असणं. चौथ्या पायरीत लाइन चालत जाऊन पाहा म्हणून सांगितलं, ते एवढ्यासाठी.

आणखी एक. या पदावर असताना हाताखालच्या टेक्निशियनला तुमच्यापाशी येऊन 'साहेब, माझ्याकडून चुकीचा ब्रेकर उघडला गेला' असं सांगता आलं पाहिजे, तेही शिफ्ट संपायच्या आत. ओरडणाऱ्या शिफ्ट चार्जकडे चुका येत नाहीत, त्या दडवल्या जातात आणि मग मोठ्या होऊन परत येतात. छोट्या घटनांची नोंद किती मोकळेपणाने होते यावरून त्या शिफ्टचं आरोग्य कळतं.

सहावी पायरी: शिफ्टमधून बाहेर पडून रुंद व्हा

शिफ्टमध्येच निवृत्त होणारी उत्तम माणसं असतात आणि केंद्राला त्यांची गरज असते. पण पुढे जायचं असेल तर एका टप्प्यावर जनरल शिफ्टमध्ये यावं लागतं. ऑपरेशनचं नियोजन, टेक्निकल सर्व्हिसेस, ट्रेनिंग, क्वालिटी अॅश्युरन्स यांपैकी निदान दोन ठिकाणी काम करा. मेंटेनन्समधल्यांनीही हाच विचार उलट्या दिशेने करावा.

सगळ्यांत जास्त शिकायला मिळतं ते दोन ठिकाणी. पहिलं, मोठं शटडाउन. आपल्याकडे दर दोन वर्षांनी होणाऱ्या बीएसडीत शेकडो कामं एकमेकांत गुंतलेली असतात, कंत्राटी कामगार येतात, किरणोत्साराचा हिशेब ठेवावा लागतो. कूलंट चॅनल सरसकट बदलण्याचं काम, ज्याला आपण ईएमसीसीआर म्हणतो, ते तर अणुभट्टीचा गाभाच नव्याने उभा करण्यासारखं आहे. संधी आली तर सोडू नका. दुसरं, नवं केंद्र सुरू करणं. काक्रापारची तिसरी भट्टी, देशातली पहिली ७०० मेगावॅटची, २२ जुलै २०२० रोजी क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यात साखळी अभिक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. अशा कमिशनिंगमध्ये असलेल्या मंडळींनी प्रत्येक सिस्टिम पहिल्यांदा जिवंत होताना पाहिली. चालू केंद्रात वीस वर्षांत न भेटणाऱ्या अडचणी तिथे दोन वर्षांत भेटतात. २०१७ मध्ये केंद्र सरकारने ७०० मेगावॅटच्या दहा भट्ट्यांना एकत्र मंजुरी दिली, त्यामुळे अशा संधी पुढेही येत राहतील.

आपल्या मराठी मुलांना मी इथे कळकळीने सांगतो, तारापूर आणि मुंबई सोडायला तयार राहा. 'आईवडील बोईसरला आहेत, बदली नको' म्हणणारे हुशार अभियंते मी पाहिले आहेत. त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही, घरचं घरच्यालाच कळतं. पण एकाच केंद्रावर नोकरी संपवलेल्याला दुसऱ्या केंद्राची जबाबदारी देताना निवड समिती विचार करते. कैगाला राहून कन्नड कानावर पडलं, रावतभाट्याला राजस्थानी उन्हाळा काढला, तर माणूस घडतो.

'वानो' ही अणुवीज केंद्रं चालवणाऱ्यांची जागतिक संघटना चेर्नोबिलनंतर १९८९ मध्ये स्थापन झाली. तिच्या पिअर रिव्ह्यूमध्ये एका देशाचे अनुभवी लोक दुसऱ्या देशातलं केंद्र बारकाईने पाहतात आणि उणिवा सांगतात. आपल्या केंद्रांचाही असा रिव्ह्यू होतो. अशा पथकात जायची संधी मिळाली तर जा, आणि पथक आपल्याकडे आलं तर त्याच्याबरोबर फिरण्याचं काम मागून घ्या.

सातवी पायरी: केंद्राची जबाबदारी

ऑपरेशन सुपरिंटेंडेंट, चीफ सुपरिंटेंडेंट, स्टेशन डायरेक्टर आणि एकाहून अधिक केंद्रं असलेल्या ठिकाणी साइट डायरेक्टर, असे हे टप्पे. इथे यंत्रांइतकाच वेळ माणसांवर जातो. युनियन, कंत्राटदार, एईआरबीच्या तपासण्या, मुख्यालय, जिल्हाधिकाऱ्यांबरोबर आणीबाणीच्या सरावांचं नियोजन.

आणि शेजारची गावं. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टीच्या लोकांना आपली घरं सोडावी लागली. रत्नागिरीत जैतापूरच्या प्रस्तावित प्रकल्पावरून माडबन-नाटे परिसरात झालेला विरोध आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मच्छीमाराला समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची काळजी वाटते, आणि तिला आकडेवारीचा एक कागद पुरत नाही. केंद्रप्रमुखाने त्याच्या ओसरीवर बसून, त्याच्या भाषेत उत्तर द्यायला हवं. कोकणातल्या केंद्राला मराठी बोलणारा प्रमुख मिळणं याला म्हणूनच महत्त्व आहे. विशीतच गावच्या कार्यक्रमांना जाऊ लागा, शाळेत जाऊन बोला. पन्नाशीत ही सवय एकदम लागत नाही.

त्यापुढे मुख्यालयातली एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, संचालक आणि अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक ही पदं. संचालक मंडळावरच्या नेमणुका केंद्र सरकार करतं. मनुष्यबळ आणि वित्त या शाखांतून आलेलेही संचालक होतात, त्यामुळे एमबीए किंवा सीए झालेल्यांनाही वर जायला वाव आहे. केंद्राचा प्रमुख मात्र तांत्रिक माणूसच असतो.

बाजूच्या वाटा

कंट्रोल रूमला मुख्य वाट म्हटलं, तरी ती एकमेव नाही. एम. आर. श्रीनिवासन १९५५ मध्ये अणुऊर्जा विभागात आले, अप्सरा या पहिल्या भट्टीच्या कामात होते, १९५९ मध्ये पहिल्या अणुवीज केंद्राच्या उभारणीत प्रमुख प्रकल्प अभियंता झाले आणि १९८७ मध्ये एनपीसीआयएलचे संस्थापक-अध्यक्ष. त्यांची वाट प्रकल्प उभारणीची. डॉ. अनिल काकोडकर व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल इंजिनिअर झाले, ट्रेनिंग स्कूलमधून १९६४ मध्ये ट्रॉम्बेला रुजू झाले, डिझाइन आणि संशोधन करत २००० ते २००९ अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. कोल्हापूर जिल्ह्यातले शिवराम भोजे पुण्याच्या सीओईपीतून ट्रेनिंग स्कूलमध्ये गेले, फास्ट ब्रीडरच्या कामात आयुष्य घातलं आणि कल्पक्कमच्या केंद्राचे संचालक झाले.

एईआरबीमध्ये जाऊन नियामकाच्या बाजूने काम करणं ही तितकीच मोलाची वाट आहे. उद्योगाकडून जायचं असेल तर लार्सन अँड टुब्रो, गोदरेज, वालचंदनगर इंडस्ट्रीज यांनी अणुभट्ट्यांचे मोठे भाग बनवले आहेत. तिथे वेल्डिंग आणि क्वालिटीमध्ये पक्के झालेले अभियंते पुढे प्रकल्पांचं नेतृत्व करतात.

घरच्यांच्या प्रश्नांबद्दल

आईवडील किरणोत्साराबद्दल विचारणारच. त्यांना आकडे सांगा. कर्मचाऱ्याला पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराचा डोस मोजण्याचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट, ही एईआरबीची मर्यादा आहे. छातीवरच्या टीएलडी बॅजवर प्रत्येकाचा डोस मोजला जातो आणि त्याची कायमची नोंद राहते. स्वतःचा डोस किती ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे, तो वापरा. शिफ्टचा शरीरावर होणारा परिणाम मला जास्त काळजीचा वाटतो. झोप, जेवणाच्या वेळा आणि व्यायाम यांची घडी पहिल्याच वर्षी बसवा, आणि लग्न ठरवताना शिफ्टबद्दल समोरच्याला स्पष्ट सांगा.

या वर्षी काय करायचं

शेवटच्या किंवा त्याआधीच्या वर्षात असाल तर गेटचे अर्ज पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. बीएआरसीच्या जाहिरातीकडे जानेवारीपासून आणि एनपीसीआयएलच्या जाहिरातीकडे गेटचा निकाल लागल्यावर लक्ष ठेवा. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, तरी त्या वर्षीच्या जाहिरातीत कोणकोणत्या वर्षांचे स्कोअर धरले आहेत ते वाचा. अर्ज फक्त त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून भरा, पैसे घेऊन जागा देतो म्हणणारा कुणीही भामटाच असतो. पोलीस पडताळणी होते, म्हणून अर्जात कुठलीच माहिती दडवू नका. आणि विद्यापीठ सीजीपीए देत असेल तर त्याचं टक्क्यांत रूपांतर कसं करायचं याचं पत्र आत्ताच कॉलेजच्या ऑफिसातून मागून ठेवा. साठ टक्के आहेत हे सिद्ध करणारा तो कागद मुलाखतीच्या आदल्या दिवशी मिळत नाही.